खोडव्याचा रकाना

माझ्या टेबलाच्या खणात एक सीडी आहे. ती चालवायला ऑफिसात आता यंत्रच नाही, एकाही लॅपटॉपला सीडी सरकवायची जागा उरलेली नाही. तरी दर दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी ती दोन बोटांत धरून विचारतं, "सर, ही टाकायची ना?" आणि मी खेकसतो. मागे एकीला वाटलं होतं, सरांच्या लग्नाचं शूटिंग असेल. सीडीवर निळ्या मार्करनं लिहिलंय, "डॉट नेट. येडं विसरणार." त्यातलं येडं म्हणजे मी. अक्षर माझ्या मित्राचं.

गेल्या महिन्यात शिरोळकडच्या एका साखर कारखान्यातून फोन आला. वीसेक वर्षांपूर्वी मी त्यांना ऊसनोंदणीचा प्रोग्रॅम करून दिला होता, तो नव्या मशीनवर चढेना म्हणून सगळं नव्यानं करून हवंय. आनंदाची गोष्ट होती. पण फोन ठेवल्यापासून मला एका जागी बसवेना. तसं मला कधीच बसवत नाही, बायको म्हणते की सोफ्यावर माझ्यासाठी जागा ठेवण्यात काही अर्थ नाही. पण हे वेगळं होतं. आमच्या टीममधल्या मुलीनं साधंच विचारलं, "सर, कशात करायचं? जावात करू या?" आणि मी उठून गॅलरीत गेलो. खाली राजारामपुरीचा रस्ता नेहमीसारखा भरून वाहत होता. त्या कारखान्याच्या कामासाठी जावा हा शब्द इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यासमोर इतक्या सहज उच्चारला होता.

सांगायला हवं म्हणून सांगतो. जावा आणि डॉट नेट म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायच्या दोन रीती. काम तेच, सांगायची पद्धत वेगळी. पण इंटरनेट कोल्हापुरात नुकतं नुकतं शिरत होतं, नेटकॅफेत तासावर बसून मोडेमची किरकिर ऐकावी लागत होती, त्या दिवसांत या दोन नावांवरून घराघरांत तोंडं फिरत होती. राजारामपुरीत एका गल्लीत जावाचा क्लास, तर समोरच्या गल्लीत डॉट नेटचा. एकानं पाटी लावली की दुसरा तिच्यापेक्षा वीतभर मोठी लावायचा. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, जावा म्हणजे फक्त फटफटी ठाऊक. "तीबी बंद पडली की रं," ते म्हणायचे, आणि मी मनातल्या मनात खूश व्हायचो. कारण मी डॉट नेटवाला होतो.

कोल्हापुरात कुठलीही गोष्ट नुसती असत नाही, तिला बाजू असते. पेठेत जन्मलात की तुमची तालीम ठरलेली, तालमीची फुटबॉल टीम ठरलेली, आणि मॅचच्या दिवशी कुणाशी बोलायचं नाही तेही ठरलेलं. माझा मित्र असाच पेठेतला. वडील शाळामास्तर, घरात पुस्तकांचं कपाट, पण पोरगा मॅच असली की तालमीचा झेंडा घेऊन स्टेडियमच्या पायऱ्यांवर. मी शिरोळ तालुक्यातला, घरी ऊस, कॉलेजात यायला एसटीचा पास. इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही एका बाकावर काढली. त्याचं गणित कच्चं, माझं इंग्रजी. एकमेकांना धरून दोघं पास झालो. पुण्याला जायचं नाही, इथंच आपलं काहीतरी काढायचं, असं ठरवून आम्ही राजारामपुरीत एका दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक पंखा. पंख्याची दिशा कुणाकडे असावी, यावरून पहिल्या आठवड्यातच वाजलं होतं. पण ते प्रेमाचं होतं.

मग तो जावा शिकला आणि मी डॉट नेट.

"जावा एकदा लिव्हायचं, कुठल्याबी मशीनवर पळतंय," तो म्हणायचा.

"पळतंय कुठं? रांगतंय. तुझी स्क्रीन उघडंपतोर माझा चहा हुतोय."

"तुझं एकाच कंपनीच्या दावणीला बांधलंय. उद्या त्यांनी दोर सोडला तर?"

"आदी तू एक बटण सरळ रेषेत बसवून दाव. मग बोल."

हे सुरुवातीला हसत चालायचं. हळूहळू हसणं कमी झालं. मला वाटतं, दोघांच्याही पोटात एकच भीती होती, आपण चुकीच्या गाडीत तर बसलो नाही ना? दोन-तीन वर्षं घालून जे शिकलो ते उद्या कुणी विचारलंच नाही तर? रविवारच्या पेपरात नोकऱ्यांच्या जाहिराती यायच्या. त्यात जावा जास्त दिसलं की माझं जेवणात लक्ष नसायचं, आणि डॉट नेट जास्त दिसलं की मी पेपर त्याच्या टेबलावर उघडा टाकून जायचो. तोही सोमवारी तसंच करायचा. दर सहा महिन्यांनी दोन्हींकडे काहीतरी नवीन यायचं, आणि जे जेमतेम हातात बसलं होतं ते जुनं व्हायचं. त्या दिवसांत मला शांत झोप लागल्याचं आठवत नाही.

एकदा दोन्ही क्लासवाल्यांनी मिळून एका हॉलमध्ये जाहीर चर्चा ठेवली, जावा की डॉट नेट. पुण्याहून एक पाहुणे बोलायला आले होते, टाय वगैरे लावून. जावाच्या बाजूची पोरं डावीकडे, आमची उजवीकडे. पाहुण्यांनी मेमरीबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हलगी वाजवली. खरंच हलगी. कुणीतरी ती पिशवीत घालून सॉफ्टवेअरच्या चर्चेला आणली होती. मग शिट्ट्या, मग आमच्या बाजूनं घोषणा. पाहुण्यांना वाटलं, दंगल झाली. आयोजकांनी त्यांना मागच्या दारानं काढून मिसळ खायला नेलं. माझा मित्र त्या दिवशी डावीकडे पहिल्या रांगेत उभा राहून ओरडत होता आणि मी उजवीकडे. आमची नजरानजर झाली. त्यानं हात वर करून मला खुन्नस दिली, मीही दिली. खोलीवर परत आल्यावर आम्ही त्यावर पोट धरून हसलो. एकत्र हसल्याची माझ्याकडे असलेली ती शेवटची आठवण आहे.

त्याच सुमाराला कारखान्याचं काम आलं. आमच्या गावाकडचा कारखाना, त्याच्या शेती खात्यातले एक अधिकारी अण्णांच्या ओळखीचे. हंगाम सुरू झाला की कुणाचा ऊस आधी तोडायचा, यावरून शेती खात्याच्या ऑफिसात रोज भांडणं. उसाच्या नोंदी वहीत, वही एका कारकुनाच्या हातात, आणि तो कारकून ज्याच्या त्याच्या पाहुण्यातला. त्यांना असा प्रोग्रॅम हवा होता की नोंद टाकली की तोडीची पाळी आपोआप निघावी. आमच्यासाठी हे काम म्हणजे सगळं होतं. ते मिळालं तर खोली राहणार, नाहीतर दोघांनीही गाठोडं बांधून पुण्या-बेंगळुरूची वाट धरायची, हे न बोलता ठरलेलं होतं.

तेव्हा आम्ही अजून एका तोंडानं बोलत होतो. "उसातलं तू सांग, कॉम्प्युटरमधलं मी बगतो," तो म्हणाला. त्याला उसातलं ओ की ठो कळत नव्हतं, रसाच्या गाड्यावर जेवढं कळतं तेवढंच. मी शंभर पानी वहीची दोन पानं फाडली आणि ऐटीत यादी लिहून दिली. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची तारीख, पाण्याची सोय, गाडी शेतापर्यंत जाते की नाही. त्यानं ती पानं त्याच्या कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चार कोपऱ्यांत सेलोटेपनं चिकटवली.

पण प्रोग्रॅम कशात लिहायचा, यावर गाडी अडली. आठवडा गेला, दोन गेले. तो ऐकेना, मी ऐकेना. शेवटी आम्ही दोघंही शेती अधिकाऱ्यांपुढे बसलो असतानाच आमची जुंपली. ते साहेब पान जुळवत आमच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "एका खोलीत बसताय आन् तोंडं दोन? मग असं करा. दोघंबी आपापलं करून आणा. दसरा झाला की जोड लावू. ज्याचं चांगलं त्याला काम." ऑफिसातले सगळे खूश झाले. कुस्तीसारखी जोड लावायची म्हटल्यावर आमच्याकडे कुणाला आनंद होत नाही? आम्हीही झालो. आज वाटतं, तिथंच दोघांनी हात जोडून, साहेब, एकच करून आणतो, म्हणायला हवं होतं. पण म्हणालो नाही.

मग खोलीत बोलणं जवळजवळ बंद झालं. पाठीला पाठ लावून दोघं टकटक करत बसायचो. चहा मात्र दोन मागवायचो, जो मागवेल तो दोन. यादी भिंतीवर तशीच होती. माझ्या हातची यादी, त्याच्या डोक्यावर.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी गावी गेलो होतो. पुढच्या रविवारच्या आत दाखवायचं होतं. सकाळी अण्णांच्या मागे मागे शेताच्या बांधावरून चाललो होतो, डोक्यात प्रोग्रॅमच. कडेच्या तुकड्यातला ऊस चांगला उभा होता. मी सहज विचारलं, "हितली तोड कधी येणार?"

"खोडवा हाय न्हवं ह्यो," अण्णा म्हणाले. "पैल्याच झटक्यात जाईल."

मी जागच्या जागी उभा राहिलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस तोडला तरी त्याचं बूड जमिनीतच राहतं आणि त्याला पुन्हा फुटवे येतात. नवीन कांडी न लावता आलेलं हे दुसरं पीक म्हणजे खोडवा. आमच्याकडच्या शेतांत बघाल तिकडे तो असतोच. आणि खोडव्याला लागणीची तारीखच नसते, कारण लागण झालेलीच नसते. त्याची पाळी मागच्या तोडीच्या तारखेवरून धरतात. माझ्या यादीत ते नव्हतं. खोडव्याच्या पाल्यानं लहानपणी माझे पाय कापलेले आहेत, आणि माझ्या यादीत खोडवा नव्हता. विसरलो असंही म्हणता येत नाही. आमच्या घरात खोडव्याची वेगळी आठवण कुणी काढत नाही. डबा भरताना भाकरी घे असं जसं कुणी सांगत नाही, तसं. पेठेतल्या माणसानं उसाची यादी केली असती तर त्यानं दहा जणांना विचारून खोडवा पहिल्या ओळीत लिहिला असता. मी शेतकऱ्याचा पोरगा, म्हणून माझ्या हातून राहिला.

सोमवारी सकाळच्या एसटीत मी ठरवलं होतं, गेल्या गेल्या त्याला सांगायचं. जयसिंगपूरला ठरवलं होतं, हातकणंगल्यालाही ठरवलेलंच होतं. खोलीत पाऊल टाकलं तर तो कॉम्प्युटरवर वाकलेला. मान वर न करताच त्यानं बोट भिंतीकडे केलं. "काय रं, उसातलं आनि काय ऱ्हायलंय का? एकडाव नजर टाक यादीवर."

मी यादीसमोर जाऊन उभा राहिलो. वाचल्यासारखं केलं. त्याच्या स्क्रीनकडे नजर गेली. त्याची ती राखाडी, कुरूप स्क्रीन आता पटकन उघडत होती. रकाने सरळ बसले होते. माझ्यापेक्षा बरं होतं, चांगलंच बरं होतं.

"न्हाय," मी म्हणालो. "सगळं हाय."

का म्हणालो, याची कारणं मी नंतर खूप जुळवून पाहिली. स्पर्धा होती, दोघांनी आपापलं करायचं ठरलं होतं, त्यानं कारखान्यात जाऊन विचारायला कुणी अडवलं नव्हतं. सगळी कारणं खरी आहेत आणि एकही उपयोगाचं नाही. मला जिंकायचं होतं. एवढंच होतं ते.

दोन दिवसांत मी खोडव्याचा रकाना बसवला. खोडवा असं निवडलं की लागणीची तारीख आपोआप बंद, मागच्या तोडीची तारीख उघडी. काम सुबक झालं होतं. ते करताना मी मॉनिटर थोडा भिंतीकडे वळवून घेतला. उजेड डोळ्यांवर येतो, असं म्हणालो. त्यानं विचारलंही नव्हतं.

कारखान्यावर आम्ही एकाच मोटरसायकलवर गेलो. जोड लागली असली तरी मोटरसायकल एकच होती आणि ती त्याची होती. वाटेत त्यानं एका टपरीवर गाडी थांबवली, दोन वडापाव घेतले, एक माझ्या हातात दिला. "रिकाम्या पोटी हरू नको," म्हणाला. मी वडापाव खाल्ला. चव लागली नाही.

शेती खात्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवलेला होता. अधिकारी होते, दोन संचालक होते, कारकून होते. शिवाय कोपऱ्यात एक चिटबॉय बसला होता. नावात बॉय असला तरी पन्नाशी ओलांडलेला, टोपी घातलेला माणूस. तोडीची चिठ्ठी घेऊन शेतोशेत फिरणं हे त्याचं काम, त्यामुळे तालुक्यातला बांध न् बांध त्याला पाठ. पहिली पाळी माझी होती. मी सीडी घातली, फाईल उतरवली, ऐटीत माऊस दोनदा दाबला.

काही झालं नाही. म्हणजे, एक चौकट आली. डॉट नेटचे प्रोग्रॅम चालायला मशीनवर आधी त्याचा एक पाया बसवावा लागायचा, आणि त्या मशीनवर तो नव्हता. आमच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर होता, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही. मी पुन्हा दाबलं. पुन्हा चौकट. मानेवरून घाम ओघळत पाठीत गेलेला मला कळला. "नेटवरनं उतरून घ्या की," एक संचालक म्हणाले. फोनच्या लाईनवरून ते उतरायला संध्याकाळ झाली असती, आणि त्या दिवशी फोनही मुका होता.

मागून एक हात पुढे आला. त्यात सीडी होती. निळ्या मार्करनं लिहिलेली.

"जावाला कुठल्याच मशीनवर घर नसतंय," माझा मित्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हणून आमी बिऱ्हाड पाठीवर घिऊनच फिरतो. तुजंबी टाकलंय ह्यात. मासिकाबरूबर फुकट आलतं. मला ठावं हुतं तू इसरणार."

पाया बसायला पंधरा-वीस मिनिटं लागली. चहा आला. आम्ही दोघं एका बाकावर बसलो होतो, कॉलेजात बसायचो तसे, तो डावीकडे, मी उजवीकडे. तो बशीत चहा ओतून फुंकत होता. मला वीस मिनिटं होती. खोडव्याचं एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? त्यानं ऐकून तिथंच एक रकाना घातला असता, तेवढा तो तरबेज होता. "भ्या वाटतंय काय रं?" त्यानं विचारलं. "न्हाय," मी म्हणालो. कपातला चहा संपला तरी मी कप तोंडाला लावून बसलो होतो.

मग माझा प्रोग्रॅम उघडला. रंगीत, ठसठशीत. मी एकेक दाखवत गेलो. कोपऱ्यातला चिटबॉय पहिल्यांदाच बोलला, "सगळं झ्याक हाय. पर खोडवा कुठं टाकायचा?"

त्याच प्रश्नासाठी थांबलो होतो मी. झटक्यात खोडवा निवडला, लागणीची तारीख बंद झाली, तोडीची उघडली. ऑफिसभर आवाज उठला. "आरं तिच्या! शेतकऱ्याचं प्वार हाय शेवटी," अधिकारी म्हणाले. माझ्या खांद्यामागून माझा मित्र वाकून स्क्रीनकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"खोडवा म्हंजे काय रं?" त्यानं मला विचारलं.

ऑफिस खो-खो हसायला लागलं. संचालक हसले, कारकून हसले, चिटबॉय टोपी काढून हसला. "कोल्हापूरचा न्हवं का तू पावणं? आन् खोडवा ठावं न्हाय?" आणि मी हसलो. नुसतं ओठांनी नाही. खुर्चीत मागे रेलून, त्यांच्यातला एक होऊन, मान हलवत हसलो.

तरी त्यानं पाळी सोडली नाही. कॉम्प्युटरसमोर बसला. भिंतीवरून काढून आणलेली माझी ती दोन पानं त्यानं कीबोर्डच्या बाजूला ठेवली होती. सगळं नीट दाखवलं. शेवटी एका कारकुनानं हसू दाबत सांगितलं, "आता एक खोडवा टाका." त्यानं टाकायला घेतला, तर त्याची स्क्रीन म्हणाली, लागणीची तारीख द्या. दोनदा म्हणाली. "लागणच न्हाय, तर तारीख कुठली देनार?" चिटबॉय म्हणाला. पुन्हा हशा.

"ह्यात न्हाय ते," माझा मित्र म्हणाला. "मला म्हाईत न्हवतं." ही यादी कुणाची, हे तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर माझं अक्षर समोर होतं. त्यानं ती दोन पानं घडी घालून खिशात ठेवली.

काम मला मिळालं. अधिकाऱ्यांनी तिथंच पेढे मागवले. त्यानंही एक पेढा घेतला, माझ्याशी हात मिळवला. परतताना त्यानं मोटरसायकलला किक मारून माझ्याकडे पाहिलं, मी म्हणालो, आलोच आहे तर घरी जाऊन येतो. तो गेला. मी घरी गेलो नाही. फाट्यावर एसटीची वाट बघत कितीतरी वेळ उभा होतो, आणि आल्या त्या दोन एसट्या मी सोडल्या.

कोल्हापुरात बोभाटा झाला, डॉट नेटनं जावाला चितपट केलं. आमच्या क्लासवाल्यांनी माझा फोटो घालून हार्दिक अभिनंदनाचा बोर्ड लावला. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे. मी सांगायचो, व्हय, डॉट नेट भारीच हाय. जावा तिथं हरलीच नव्हती. तिला तर कुणी तपासलंसुद्धा नव्हतं.

त्यानं पंधरा दिवसांत कॉम्प्युटर उचलला. बेंगळुरूला नोकरी लागली म्हणाला. जावाचीच. मी टेम्पोत टेबल चढवायला मदत केली. भिंतीवर सेलोटेपचे चार तुकडे तेवढे उरले होते. ते मी नखानं खरवडले, रंगही निघून आला. सीडी मी त्याला परत देणार होतो. दिली नाही. तीही राहूनच गेली.

आता हे सगळं हास्यास्पद वाटावं इतकं जुनं आहे. जावाही आहे, डॉट नेटही आहे. दोघंही म्हातारे होऊन सुखात आहेत. माझ्याकडची मुलं दोन्ही लिहितात, आणखी पाच लिहितात, आणि आता तर कॉम्प्युटरला तोंडी सांगितलं की तोच लिहून देतो. ज्या गोष्टीसाठी आम्ही खोलीत पाठ फिरवून बसलो, तिच्याविषयी त्यांना काही वाटतसुद्धा नाही. हे बघून मला बरं वाटायला हवं. पण मला राग येतो. कुणावर, ते सांगता येत नाही.

मुलीला मी म्हणालो, हो, जावात करा. मग दोन दिवस ऑफिसात येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत जाऊन कॉलेजच्या ग्रुपवरून त्याचा नंबर काढला. या ग्रुपवर आम्ही दोघंही आहोत. वाढदिवसाला तो मला केकचं चित्र पाठवतो, मी त्याला जोडलेले हात. इतक्या वर्षांत आवाज नाही.

"बोल की," तो म्हणाला. जणू सकाळीच भेटलो होतो. बेंगळुरूनं त्याची बोली बिघडवली नव्हती. मी कारखान्याचं सांगितलं. जावात करतोय म्हणालो. तो हसला. "शेवटी आलास की लायनीवर."

मग मी ते वाक्य काढलं, जे इतकी वर्षं पाठ करून ठेवलं होतं. "तुला एक सांगायचं हुतं. त्या येळंला मला..."

"खोडव्याचं न्हवं?"

मी गॅलरीचं दार ओढून घेतलं.

"आरं, त्याच दिशी कळलं की. दोन दिस मॉनिटर भिताडाकडं वळवून बसलातास, मी काय आंधळा हाय? तितनं परत येताना गाडीवर सगळं जुळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं? जोड लागली हुती. डाव सांगून कोन मारतंय? मीबी कदाचित न्हाय सांगितला असता." मागे कुणीतरी त्याला हाक मारली, तो कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, मग पुन्हा माझ्याकडे वळला. "त्याचं मला कायबी न्हाय गड्या. तू जिकलास, झालं. पर मी तुला इचारलं खोडवा म्हंजे काय, आन् तू हसलास की."

खाली कुणाची तरी गाडी हॉर्न वाजवत होती. पाठ केलेलं सगळं संपलं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "हसलो."